आजीचं गोंदण हातावर घ्यायचंय, पहिलाच टॅटू आहे: काय काय होतं ते सगळं सांगतो

ताई, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं की आजीच्या हातावर जे जुनं गोंदण आहे, ठिपक्यांच्या ओळी आणि मधली फांदी, तेच तुम्हाला तुमच्या डाव्या हातावर आतल्या बाजूला काढून घ्यायचंय आणि खाली तिचं नाव, आयुष्यातला पहिलाच टॅटू, आखाजीनंतरच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरच्या आठवड्यात लग्न, घरात कोणी म्हणतं हळद लावली की दोन दिवसांत बरं होतं, कोणी म्हणतं सुईने रोग लागतात, आणि धाकट्या भावालाही सोबत काढायचाय, तो भरतीची तयारी करतोय. मी जळगावात बरीच वर्षं हेच काम करतो, अशा प्रश्नाला दोन ओळींत उत्तर दिलं तर ते अर्धवट राहतं म्हणून जरा मोठं लिहितोय, वेळ काढून वाचा.

सगळ्यात आधी तारखेचं बोलू कारण तुमच्या बाबतीत तेच महत्त्वाचं आहे. टॅटूची वरची कातडी दोन-तीन आठवड्यांत भरते, हात लावला तर दुखत नाही, त्यामुळे माणसाला वाटतं झालं बरं. पण आतली कातडी नीट बसायला अजून महिना-दीड महिना जातो. आणि नवरीच्या हातावर काय काय होणार आहे बघा, हळद घासून लावणार, मेंदी तासन् तास राहणार, बांगड्या चढवताना ओढाताण, वर वैशाखातला घाम. म्हणून टॅटू आणि लग्नाची हळद यांच्यामध्ये किमान सहा आठवडे सोडा असं मी प्रत्येक नवरीला सांगतो. आत्ता होळी तोंडावर आहे, त्याआधी काढू नका, धुळवडीचा रंग आणि ते पाणी ताज्या टॅटूवर नकोच. रंगपंचमी उरकली की त्याच आठवड्यात काढला तर आखाजीपर्यंत साधारण सहा आठवडे मिळतात आणि लग्नापर्यंत सात, एवढं पुरतं. तो आठवडा हुकला तर मात्र घाई करू नका, लग्न होऊन जाऊ द्या आणि दिवाळीनंतर थंडीत काढा, खान्देशात टॅटूसाठी कार्तिक ते माघ यासारखा सीझन नाही, घाम नाही, ऊन सुसह्य, हात पूर्ण बाहीत झाकलेला असतो.

मेंदीवालीला आधीच सांगून ठेवा की टॅटूची जागा सोडून काढायची. आणि काळी मेंदी तर कुठेच लावू नका, तिच्यात बऱ्याचदा केस काळे करायच्या डायमधलं पीपीडी घातलेलं असतं, त्याने साध्या कातडीवर पण फोड येतात.

आता कातडीत नेमकं काय होतं ते समजून घ्या, म्हणजे पुढच्या सगळ्या सूचना पाठ कराव्या लागणार नाहीत. आपल्या कातडीचा वरचा थर सतत झडत असतो आणि महिन्याभरात जवळजवळ नवा होतो, म्हणून मेंदी जाते. टॅटूची सुई त्या थराच्या खाली, साधारण एक ते दोन मिलीमीटरवर इंक सोडते. शरीराला ते बाहेरचं वाटतं, मग संरक्षण करणाऱ्या पेशी धावत येतात आणि रंगाचे कण गिळून तिथेच बसतात. म्हणजे आपल्याला जो टॅटू दिसतो त्यातला बराचसा रंग त्या पेशींच्या पोटात असतो. २०१८ साली फ्रान्समधल्या मार्सेच्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की ती पेशी मेली की रंग मोकळा होतो आणि शेजारची नवी पेशी तोच परत गिळते, असं पिढ्यानपिढ्या चालतं म्हणून टॅटू टिकतो. सुई वरच राहिली तर रंग महिन्यात फिका पडतो, जास्त खोल गेली तर रंग खाली पसरतो आणि रेषेच्या बाजूला निळसर धूर आल्यासारखं दिसतं, आणि तो नंतर काही केल्या जात नाही. हाताचा अंदाज म्हणजे हाच, आणि मनगटाजवळची पातळ कातडी आणि दंडावरची जाड कातडी दोन्हीकडे तो वेगळा लागतो.

गोंदणाविषयी मला मनापासून बोलायचंय, कारण असं काम घेऊन येणारी पोरं-पोरी आता आता दिसायला लागलीत आणि मला ते फार आवडतं. आपल्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला, शिरपूर-चोपड्यापासून वर अक्राणीपर्यंत, भिल्ल-पावरा बायकांच्या आणि इकडे तापीकाठच्या शेतकरी घरातल्या म्हाताऱ्यांच्या कपाळावर, हनुवटीवर, हातांवर हे अजून बघायला मिळतं, पण त्या पिढीबरोबर ते चाललंय. ते हाताने टोचलेलं असायचं, सुया एकत्र बांधून, काजळी कालवून, मशीन नाही. काजळी म्हणजे कार्बन, आणि आजही चांगल्या काळ्या इंकमध्ये कार्बनच असतो, त्यामुळे रंगाच्या बाबतीत आजीचा हात आणि तुमचा हात सारखाच राहणार आहे. तिचं गोंदण निळं-हिरवं दिसतं ते रंग बदलला म्हणून नाही, काळा रंग कातडीखालून दिसताना निळसर दिसतो, वय वाढेल तसं जास्त. तुमचाही पुढे थोडा तसा होईल.

आजीच्या हाताचा फोटो काढाल तो असा काढा: सकाळी दहाच्या आत, अंगणात, थेट उन्हात नाही तर सावलीत, हात टेबलावर सपाट ठेवून मोबाइल बरोबर वरून धरायचा, शेजारी एक पट्टी किंवा रुपयाचं नाणं ठेवायचं म्हणजे माप कळतं. तिच्याकडून विचारून घ्या कुठला ठिपका कुठे होता, पन्नास-साठ वर्षांत ठिपके पसरून एकमेकांना चिकटलेले असतात, फोटोत जी जाड रेघ दिसते ती मुळात पाच वेगळे ठिपके असू शकतात. काही जण म्हणतात जसं आत्ता दिसतं तसंच पसरलेलं काढा. माझं मत तसं करू नये असं आहे. मूळ जसं टोचलं असेल तसं स्वच्छ काढायचं, पसरायचं काम तुमची कातडी वर्षानुवर्षं करणारच आहे. दोन ठिपक्यांमध्ये निदान एका ठिपक्याएवढी जागा मोकळी ठेवायची, आज ते विरळ वाटेल, पंधरा वर्षांनी बरोबर वाटेल. आणि एक विनंती, आजीकडे वेळ असेल तेव्हा त्या नक्षीला ती काय म्हणते, कोणी गोंदलं, कुठल्या बाजारात की घरी, ते मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. डिझाइनपेक्षा ते जास्त लवकर हरवतं.

नावाचं वेगळं सांगतो. मराठी अक्षरं बारीक काढून घेऊ नका. इंटरनेटवर फाइन लाइनचे फोटो बघून सगळ्यांना बारीक हवं असतं, पण ते फोटो काढल्याच्या दिवशीचे असतात. रेष दरवर्षी थोडी थोडी जाड होत जाते, इंग्रजी अक्षराला आतली जागा मोठी असते म्हणून ते निभावतं, आपल्या अक्षरांत मात्र बारीक कामं खूप, वेलांटीचा गोल, उकार, रफार, अनुस्वार. आतली जागा भरली की ध आणि घ मध्ये फरक राहत नाही, भ चा म होतो, श्र तर ओळखू येत नाही. मी अक्षराची उंची अर्ध्या इंचाच्या खाली घेतच नाही, जोडाक्षर असेल तर त्याहून मोठं. शिरोरेघ अखंड काढायची की अक्षरागणिक तोडायची हे पण ठरवून घ्या, मनगटावर अखंड शिरोरेघ हात वळवला की वाकडी दिसते, तोडलेली दिसत नाही. आणि स्पेलिंग, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ, कागदावर लिहून घरातल्या दोघांकडून तपासून आणा, तिच्या आधार कार्डावर जे छापलंय त्यावर जाऊ नका, तिथे खूप चुका असतात.

रंगाचं म्हणाल तर आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीवर काळा राजा. रंग कातडीच्या खाली असतो आणि आपण तो आपल्या रंगातून बघतो, त्यामुळे फिका गुलाबी, पिवळा, पांढरा हे सहा महिन्यांत मळकट दिसतात. लाल चांगला दिसतो पण ॲलर्जीच्या तक्रारी सगळ्यात जास्त लालवरच येतात.

आता कुठे काढायचा. रोगाची भीती घरच्यांना वाटते ती खोटी नाही आणि त्यावर हसून सोडून देणाऱ्या आर्टिस्टकडे जाऊच नका. एकाची सुई दुसऱ्याला वापरली तर हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, एचआयव्ही हे पसरू शकतात, यात बी जास्त चिवट, त्याचा विषाणू शरीराबाहेर वाळलेल्या रक्तातसुद्धा सात दिवस जिवंत राहू शकतो. म्हणजे नुसती सुई नवी असून भागत नाही, मशीनची वायर, इंकची बाटली, आर्टिस्टने मधेच उचललेला मोबाइल, दिव्याचं बटण, सगळीकडे तो जाऊ शकतो. सारंगखेड्याची असो नाही तर दुसरी कुठली, यात्रेत जमिनीवर पोतं टाकून बॅटरीवर मशीन चालवणारे बसतात, एकच सुई, एकाच वाटीतली शाई, पाणी पण एकच, रांगेत पंधरा जण. तिथे दहा मिनिटांत नाव निघतं आणि पैसे पण कमी लागतात, पण तिथे काढू नका, कोणालाही काढू देऊ नका. त्या माणसाचं पोट त्यावर आहे हे मला कळतं, त्याच्यावर राग नाही, पण त्याच्याकडे दर गिऱ्हाइकाला नवी सुई घ्यायचं गणितच बसत नाही.

स्टुडिओत गेल्यावर काय बघायचं, तर सुई. ती कागद-प्लास्टिकच्या सीलबंद पाकिटात असते, पाकिटावर एक्स्पायरी आणि लॉट नंबर असतो, आणि बहुतेक पाकिटांवर एक छोटी खूण असते जिचा रंग निर्जंतुक झाल्यावर बदलतो. ते पाकीट तुमच्यासमोर फुटलं पाहिजे. आधीच मशीनला लावून ठेवलेली सुई असेल तर बदलायला सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही, चांगला आर्टिस्ट उलट खूश होतो. इंक मोठ्या बाटलीतून छोट्या प्लास्टिकच्या टोपणांत काढलेली हवी, उरलेली परत बाटलीत जाता कामा नये. ग्लोव्ह्ज नवे, आणि फोन उचलला तर परत नवे. मशीन आणि वायरवर प्लास्टिक चढवलेलं. स्टीलचा ग्रिप, म्हणजे मशीनची मूठ, वापरत असतील तर ऑटोक्लेव्ह आहे का विचारा, त्यात १२१ डिग्रीला दाबाखाली पंधरा-वीस मिनिटं वाफ द्यावी लागते, नुसतं गरम पाण्यात उकळणं किंवा त्या निळ्या लाइटच्या डब्यात ठेवणं म्हणजे निर्जंतुक नव्हे. काम झाल्यावर सुई कुठे जाते तेही बघा, टोचणार नाही अशा पांढऱ्या बंद डब्यात टाकली पाहिजे, कचऱ्याच्या पिशवीत नाही.

एक गोष्ट फार कमी लोक विचारतात, ती म्हणजे इंक पातळ कशाने करता. शेडिंगला हलका करडा रंग लागतो, तेव्हा काही जण सरळ नळाचं किंवा जारचं पाणी घालतात. पाण्यात क्षयाच्या जातकुळीतले पण वेगळे असे जंतू असतात, ते पिण्याला बाधत नाहीत पण कातडीत टोचले गेले तर आठवड्या-दोन आठवड्यांनी शेडिंगच्या जागी लाल पुटकुळ्या येतात आणि साध्या मलमाने अजिबात जात नाहीत, महिनोन् महिने औषध घ्यावं लागतं. अमेरिकेत रोचेस्टर शहरात २०११-१२ मध्ये असं झालं होतं, तिथे तर कारखान्यातच पातळ केलेल्या इंकमधून ते आलं होतं. त्यामुळे स्टराइल वॉटर म्हणजे निर्जंतुक पाणी, किंवा तयार ग्रेवॉश म्हणजे आधीच पातळ केलेली करडी इंक, तीही ओळखीच्या ब्रँडची, एवढंच.

हिपॅटायटिस बीची लस घेतली नसेल तर घेऊन टाका, तीन डोस असतात, पहिला, मग महिन्याने, मग पहिल्यापासून सहा महिन्यांनी. टॅटू असो नसो, ती घेतलेली बरी.

आर्टिस्टला तब्येतीचं सगळं खरं सांगा. शुगर असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, फिट येत असेल, गरोदर असाल किंवा अंगावर पाजत असाल (तेव्हा काढायचाच नाही), आणि मुख्य म्हणजे केलॉइड. कान टोचल्यावर, लस घेतल्यावर किंवा टाके पडल्यावर तिथे कडक गाठ वाढली असेल, तुमची किंवा आईची, तर आधी कातडीच्या डॉक्टरांना दाखवा. हे ऐकून मी काही जणांना परत पाठवतो, त्यांना वाईट वाटतं, पण गाठ उठल्यावर जे होतं त्यापुढे ते काहीच नाही.

त्या दिवशी उपाशी येऊ नका. हे मी फोनवर पण सांगतो तरी पोरं वजन, उपवास, धास्ती, कशामुळे तरी न खाता येतात आणि दहाव्या मिनिटाला घाम फुटून डोळ्यांपुढे अंधारी. चांगली कळण्याची भाकर, भाजी, वरण-भात, जे रोजचं आहे ते पोटभर खाऊन या, सोबत गुळाचा खडा किंवा फ्रूटी ठेवा, पाणी आदल्या दिवसापासून जास्त प्या. दारू आदल्या रात्रीपासून बंद, रक्त जास्त येतं आणि रंग धरत नाही. जागा आधी वॅक्स करू नका, आम्ही तिथेच नव्या ब्लेडने साफ करतो. बाही वर जाईल असा सैल कपडा, काळा किंवा जुना, कारण इंक उडते.

मग प्रत्यक्ष काम. आधी जागा साफ, मग स्टेन्सिल, म्हणजे डिझाइनचा जांभळा ठसा हातावर उमटवतात. इथे घाई करू नका, हेच सगळ्यात मोठं ठिकाण आहे जिथे तुम्हाला बोलायचा हक्क आहे. उभं राहा, हात सैल सोडा, आरशात बघा, फोटो काढून बघा, हात वळवून बघा. हात टेबलावर ठेवल्यावर सरळ दिसणारी ओळ उभं राहिल्यावर तिरकी जाते कारण मनगट फिरतं. पटलं नाही तर पुसून परत लावतात, दोनदा, तीनदा, काही बिघडत नाही. पटल्यावर दहा-पंधरा मिनिटं वाळू द्यायचं, नाही तर काम चालू असताना पुसलं जातं.

भाऊ, दुखस का, हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो, अगदी सहा फुटी पैलवान पण. दुखतं. पण इंजेक्शनसारखं नाही, उन्हाने भाजलेल्या कातडीवर कोणी नखाने सावकाश ओरखडे काढतंय असं साधारण वाटतं. पहिली पाच मिनिटं सगळ्यात वाईट कारण मन घाबरलेलं असतं, मग शरीर सावरतं आणि पाऊण-एक तास बरा जातो, दोन तासांच्या पुढे परत कंटाळून दुखायला लागतं. तुमच्या कामाला दोन तासांच्या आतच सुट्टी होईल. हाताच्या आतल्या बाजूचा मधला भाग सोपा, मनगटाच्या रेषेजवळ आणि कोपराच्या खोलगट भागात जास्त लागतं, बरगडी, घोटा, पाठीचा कणा, काख ही खरी अवघड ठिकाणं. ठिपक्यांचं काम रेषेपेक्षा सहन करायला सोपं, मधे मधे सुई उचलली जाते ना. श्वास रोखून धरू नका, बोलत राहा, गाणी ऐका, थांबायचं असेल तर हात न हलवता तोंडाने थांबा म्हणा. थोडं रक्त आणि पाणी येतं, ते सारखं पुसावं लागतं, खरं तर शेवटी शेवटी सुईपेक्षा ते पुसणंच जास्त झोंबतं.

नंबिंग क्रीम, म्हणजे जागा बधिर करायचं क्रीम, त्याबद्दल माझं मत असं की एवढ्याशा कामाला नको. त्यात लिडोकेन असतं, मोठ्या भागावर जाड थर लावून वर प्लास्टिक गुंडाळून तासन् तास ठेवलं तर ते रक्तात जाऊन हृदयाचे ठोके बिघडवू शकतं, ऑनलाइन मागवलेल्या ट्यूबमध्ये नेमकं किती टक्के आहे ते पण कळत नाही. वापरायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून, आर्टिस्टला आधी सांगून.

काम झालं, फोटो झाले, आणि इथून पुढे महिनाभर टॅटू तुमच्या हातात आहे. मी कितीही चांगला काढला तरी पुढचे पंधरा दिवस सांभाळला नाही तर तो डागाळतो, आणि आपल्याकडे चैत्राच्या उन्हात तर नक्कीच. आम्ही वर पातळ पारदर्शक फिल्म लावून देतो, सेकंड स्किन म्हणतात, ती सांगू तेवढे दिवस राहू द्यायची, खाली काळपट पाणी साठतं ते बघून घाबरू नका, ती इंक आणि लस, म्हणजे कातडीतून झिरपणारं पातळ पाणी असतं. बाजूने गळायला लागली किंवा आत धूळ गेली तर मात्र लगेच काढायची. फिल्म नसेल तर साधं प्लास्टिक दोन-तीन तासांत काढून हात धुवायचा. धुणं असं: आधी आपले हात साबणाने, मग कोमट पाणी, बिनवासाचा सौम्य साबण, बोटांनीच, घासणी-टॉवेल काही नाही, स्वच्छ टिश्यूने टिपून घ्यायचं, पाच मिनिटं हवेवर सुकू द्यायचं आणि मग दिलेलं मलम अगदी पातळ, चमक येईल एवढंच. थापून लावलं की खाली ओल राहते आणि खपली भिजून रंगासकट निघते. दिवसातून दोन-तीनदा.

हळद लावायची नाही. आईला समजावून सांगा की खरचटलेल्या गुडघ्याला लावली तर ठीक, पण इथे सुईने हजारो बारीक भोकं पाडलेली आहेत, डब्यातली हळद निर्जंतुक नसते, तिचे कण त्यात जातात, वर खपली जाड येते आणि ती निघताना ठिपके घेऊन निघते. खोबरेल तेल, कडुनिंबाचा पाला, टूथपेस्ट, शेणाची राख, सगळ्यांना तेच उत्तर. बोरोलिन वगैरे जाड मलमं पण नकोत.

पहिले दोन-तीन दिवस लाल, गरम, थोडं सुजलेलं, लस येते. चौथ्या-पाचव्या दिवसापासून कातडी सापाच्या कातीसारखी पातळ पातळ निघायला लागते, तिच्यात रंग दिसतो, लोक घाबरून फोन करतात की टॅटू निघून चाललाय, जात नाही, वरच्या थरातला जादाचा रंग असतो तो. आणि मग खाज. खाज फार येते, झोपेत पण येते. नख लावायचं नाही, खपली ओढायची नाही, वरून हलकं थोपटायचं किंवा थंड पाण्याने धुऊन मलम लावायचं. दोन आठवड्यांनी टॅटू फिका, दुधाळ दिसतो, ती नवी पातळ कातडी असते, चौथ्या-पाचव्या आठवड्यात परत उजळतो.

ऊन आणि पाणी, या दोन गोष्टी आपल्याकडे सांभाळायला अवघड. जळगाव-भुसावळला एप्रिलमध्येच पारा ४२-४३ ला जातो, स्कूटीवर हात उघडा ठेवून दुपारी निघाल तर कोवळी कातडी भाजते. सैल सुती पूर्ण बाही घाला, स्कार्फ असतोच तो हातावर गुंडाळू नका, घामाने चिकटतो. ताज्या टॅटूवर सनस्क्रीन लावायचं नाही, पूर्ण भरल्यावर मात्र रोज लावा, रंग टिकवायला त्याच्याइतकं काही चालत नाही. पाणी म्हणजे आंघोळ चालते, धार थेट पडू देऊ नका, पण विहीर, पाटचारी, तापी, स्विमिंग पूल तीन आठवडे बंद. शेतात जात असाल तर केळीचा चीक, कपाशीवरची फवारणी, गोठ्यातलं काम यापासून तो हात लांब. चादर-उशीचा अभ्रा धुतलेला ठेवा, घरात कुत्रं-मांजर असेल तर झोपताना दूर.

कशाला घाबरायचं ते सांगतो. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, लाली टॅटूच्या बाहेर पसरत चालली, पिवळा-हिरवा पू, वास, ताप, किंवा हातावर वर चढणारी लाल रेघ दिसली, तर आर्टिस्टला फोटो पाठवून वाट बघत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर. आठवड्या-दोन आठवड्यांनी पुटकुळ्या आल्या तर कातडीच्या डॉक्टरांकडे, आणि टॅटू कधी काढला ते सांगा.

भावाचं मात्र मी त्याला आत्ता काढून देणार नाही, तो माझ्याकडे आला तरी. आर्मीच्या नियमात टॅटू चालतो तो हाताच्या आतल्या बाजूला कोपर ते मनगट आणि तळहाताच्या मागे, बाकी अंगावर नाही, आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीप्रमाणे सवलत आहे. सीआरपीएफ-बीएसएफसारख्या केंद्रीय दलांत आतली बाजू पण डाव्या हाताची, कारण उजव्याने सॅल्यूट करायचा, किंवा तळहाताची मागची बाजू, आणि तो त्या भागाच्या एक चतुर्थांशापेक्षा कमी हवा. उजव्या दंडावर मोठा वाघ काढून मेडिकलला बाद झालेली पोरं धुळ्या-नंदुरबारकडून माझ्याकडे रडत येतात, आता घालवून द्या म्हणून. कोणी ॲसिड लावलेलं असतं, कोणी चुना-सोडा बांधलेला असतो, मांस जळतं, टॅटू तिथेच राहतो आणि वर डाग कायमचा. घालवायचा एकच नीट मार्ग म्हणजे डॉक्टरकडे लेसर, तो रंगाचे कण फोडतो आणि शरीर ते हळूहळू वाहून नेतं, त्याला सहा-आठ आठवड्यांच्या अंतराने बऱ्याच सिटिंग लागतात, खर्च टॅटूच्या कित्येक पट, काळा बराचसा जातो, हिरवा-निळा हट्टी. म्हणून त्याला सांगा की ज्या भरतीचा फॉर्म भरणार तिची जाहिरात आधी पूर्ण वाच, आणि खरं तर निवड होऊन ट्रेनिंग संपेपर्यंत थांब. अठराच्या आतला असेल तर प्रश्नच नाही.

तुम्ही रक्तदान करत असाल तर टॅटूनंतर १२ महिने थांबावं लागतं, ब्लड बँकेत विचारतात, खरं सांगायचं.

पैशाचं दर ठिकाणी वेगळं, कोणी इंचावर घेतं कोणी कामावर, पण घासाघीस करून स्वस्तातला आर्टिस्ट शोधू नका, त्याने आधी काढलेले आणि सहा महिने-वर्ष जुने झालेले टॅटू दाखवायला सांगा, ताजे फोटो सगळ्यांचेच चांगले असतात. ठिपक्यांचं काम असेल तर ठिपक्यांचेच जुने फोटो मागा, सावलीदार पोर्ट्रेट उत्तम काढणाऱ्याला एकसारखा ठिपका जमेलच असं नाही.

सहा आठवड्यांनी एकदा दाखवायला जा, दिवसाच्या उजेडात. एखाद-दुसरा ठिपका फिका बसतोच, तेवढाच परत भरून घ्यायचा, बहुतेक जण पहिल्या टचअपचे पैसे घेत नाहीत. फक्त तुमच्या बाबतीत सहा आठवडे म्हणजे अगदी लग्नाच्या तोंडावर येतं, तेव्हा सुई लावून घेऊ नका, सासरहून पहिल्यांदा माहेरी याल तेव्हा करा.